कोपरे फाटलेली ७७५ छायाचित्रे : लेडी हेवॉर्डन आणि त्यांच्या मुली

१/ मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याला एल्फिन्स्टन हे नाव नवे नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा पुण्यात कंपनीचा रेसिडेंट होता. पुढे १८१९ ते १८२७ या काळात तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. पेशवाईच्या अस्ताचे कोणतेही पुस्तक उघडा, तो भेटतोच. हा धागा मात्र त्याच्या पुतणीविषयी आहे. तिच्या नावावर लढाई नाही, तह नाही. तिने आपल्या मुलींना खिडकीपाशी उभे करून छायाचित्रे काढली. त्यांतली ७७५ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

२/ या पुतणीचे नाव क्लेमेंटिना. जन्म १८२२ चा, स्कॉटलंडमधील ग्लासगोजवळच्या कंबरनॉल्ड येथला. वडील अॅडमिरल चार्ल्स एल्फिन्स्टन फ्लेमिंग हे माउंटस्टुअर्टचे थोरले बंधू. आई कॅटलिना ही स्पॅनिश, पतीहून २६ वर्षांनी लहान. १८४० मध्ये वडील वारले. त्यानंतर आईने मुलींना काही काळ रोमला नेले. चित्रे आणि शिल्पे यांच्या सहवासात गेलेला हा काळ पुढील कामाची एक पूर्वतयारी मानला जातो.

३/ १८४५ मध्ये त्यांचा विवाह कॉर्नवॉलिस मॉड या लष्करी अधिकाऱ्याशी झाला. सासरच्यांना हे लग्न फारसे रुचले नव्हते, कारण मुलीकडे संपत्ती नव्हती. १८५६ मध्ये पतीकडे व्हायकाउंट हेवॉर्डन ही पदवी आली आणि तिच्यासोबत आयर्लंडमधील टिपररी परगण्यातली डंड्रम येथील जमीनजुमल्याची मालकीही. क्लेमेंटिना आता लेडी हेवॉर्डन झाल्या. हातात पैसा आणि मोकळीक आली, आणि १८५७ च्या अखेरीस किंवा १८५८ च्या आरंभी त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तोवर त्या अनेक मुलांच्या आई होत्या. एकूण १० अपत्ये त्यांना झाली.

४/ त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे काय होते, हे समजल्याखेरीज या कामाचे मोल कळणार नाही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली होती. काचेच्या पट्टीवर कलोडियन हा चिकट द्राव ओतायचा, सगळीकडे सारखा पसरवायचा, मग अंधाऱ्या खोलीत ती पट्टी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. पट्टी ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र टिपायचे आणि लगेच धुवायचे. ती वाळली की संवेदनशीलता गेली. सगळा खेळ मोजक्या मिनिटांचा. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत ती वेगळीच.

५/ काचेवरच्या त्या उलट्या चित्रावरून कागदावर प्रत काढली जाई. कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला असे. म्हणून त्या प्रतींना अल्ब्युमेन प्रत म्हणतात. आज त्यांचा रंग तांबूस तपकिरी दिसतो. उच्चकुलीन घरातली स्त्री जलरंगात चित्रे काढी, भरतकाम करी, पियानो वाजवी. हे ‘शोभणारे’ छंद होते. डाग पाडणारी, वासाची, रसायनांची ही कला त्यांच्याहून निराळी होती. लेडी हेवॉर्डन यांनी ती पूर्णपणे आत्मसात केली.

६/ आरंभीची त्यांची बरीच चित्रे डंड्रमच्या परिसरातली आहेत : झाडे, पाणी, रानवाटा. त्यांतली पुष्कळशी स्टिरिओस्कोपसाठी काढलेली, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे शेजारी ठेवून खोलीचा भास देणारी. १८५९ मध्ये कुटुंबाने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील ५, प्रिन्सेस गार्डन्स येथे घर घेतले. तिथे चित्रांचा विषय बदलला. रानवाटा मागे पडल्या आणि खोली पुढे आली.

७/ या घराचा पहिला मजला हाच त्यांचा स्टुडिओ. व्यावसायिक स्टुडिओत त्या काळी रंगवलेले पडदे, खोटे खांब, खोटे कठडे असत. इथे तसे काही नाही. ताऱ्यांच्या नक्षीचा भिंतीचा कागद, जमिनीपर्यंत येणाऱ्या उंच खिडक्या, बाहेरचा सज्जा, एक उभा आरसा, एखादे मेज, पडद्यासारखे सोडलेले कापड. बाकी सामान बाजूला सारलेले. छायाचित्रासाठी प्रकाश मुख्यतः खिडकीतून येणारा. तो एका बाजूने पडतो, म्हणून चेहऱ्याचा अर्धा भाग उजळतो आणि अर्धा छायेत राहतो.

८/ आणि या खोलीत मुली. थोरली इझाबेला ग्रेस, दुसरी आईच्याच नावाची क्लेमेंटिना, तिसरी फ्लॉरेन्स एलिझाबेथ. या तिघींची चित्रे सर्वाधिक. एक बहीण खिडकीच्या चौकटीला टेकली आहे, दुसरी तिच्या खांद्यावर डोके ठेवून उभी आहे. एकीचा हात दुसरीच्या हातात आहे, पण दोघी दोन दिशांना पाहत आहेत. एकटी मुलगी आरशासमोर उभी आहे आणि आपल्याला ती दोनदा दिसते. कोणीही हसत नाही. कोणी काही महत्त्वाचे ‘करत’ही नाही. दुपार सरत असावी, इतकेच.

९/ ही चित्रे निवांत क्षणांची वाटतात, पण क्षणचित्रे नव्हेत. त्या पद्धतीत चित्र उमटायला अनेक सेकंद लागत, आणि घराच्या आत, खिडकीच्या उजेडावर, त्याहून अधिक. तितका वेळ हलायचे नाही. म्हणून या चित्रांतील टेकणे, रेलणे, एकमेकींच्या आधाराने उभे राहणे यांना एक तांत्रिक अंगही आहे. आधार असला की शरीर स्थिर राहते. बहिणीचा खांदा हा इथे मायेचा आविष्कार आहे आणि कॅमेऱ्याची सोयही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. इतिहासाच्या साधनांत हे वारंवार घडते.

१०/ पुष्कळ चित्रांत मुली वेषांतर करतात. एखादीचा पोशाख जुन्या शतकातला, एखादीचा घोडेस्वारीचा. काही चित्रांत एक बहीण पुरुषाच्या वेषात आहे आणि दुसरी तिच्यासमोर नायिकेसारखी उभी. प्रियाराधनाचा सबंध प्रसंग दोन बहिणींनीच उभा केलेला. व्हिक्टोरियन उच्चवर्गात वेष धारण करून सजीव चित्रे साकारण्याचा घरगुती खेळ लोकप्रिय होता. लेडी हेवॉर्डन यांनी त्या खेळाला कॅमेऱ्याची जोड दिली.

११/ आता मुलींचे वय लक्षात घ्या. थोरलीचा जन्म १८४६ चा. म्हणजे १८६० ते १८६४ या काळात थोरल्या मुली किशोरवयातून तारुण्यात येत होत्या. त्यांच्या वर्गातील मुलीपुढे या टप्प्यावर एकच मोठा प्रश्न उभा असे : विवाह. समाजात पदार्पण, मेजवान्या, स्थळे, आणि मग दुसरे घर. बहिणी-बहिणींचा हा दिवसरात्रीचा सहवास तात्पुरता आहे, हे घरात सर्वांनाच ठाऊक असणार. या चित्रांतील शांततेला जी किंचित उदास छटा आहे, तिचा उगम बहुधा इथे असावा.

१२/ त्यांच्या कामाची दखल त्यांच्या हयातीतच घेतली गेली, हे विशेष. १८६३ मध्ये त्यांना फोटोग्राफिक सोसायटी ऑफ लंडनचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षीच्या आणि १८६४ च्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रांना रौप्यपदके मिळाली. प्रदर्शनात त्यांनी चित्रांना दिलेली नावे पाहा : ‘स्टडीज फ्रॉम लाइफ’, ‘फोटोग्राफिक स्टडीज’. ‘माझ्या मुली’ असे कुठे नाही. ‘स्टडी’ हा चित्रकाराचा शब्द आहे. तो वापरून त्यांनी आपले काम कौटुंबिक अल्बमच्या बाहेर, कलेच्या प्रांतात नेऊन ठेवले.

१३/ जून १८६४ मध्ये लंडनच्या फीमेल स्कूल ऑफ आर्ट या मुलींच्या कलाशाळेच्या मदतीसाठी एक जत्रा भरली. तिथे लेडी हेवॉर्डन यांची छायाचित्रे विकायला होती. ती विकत घेणाऱ्यांत एक ऑक्सफर्डचा गणिताचा अध्यापक होता, चार्ल्स डॉजसन. जग त्याला लुइस कॅरल म्हणून ओळखते. तो स्वतः हौशी छायाचित्रकार होता. ज्या संस्थेसाठी ही जत्रा भरली ती मुलींना कलेचे व्यावसायिक शिक्षण देणारी होती, हेही ध्यानात ठेवावे.

१४/ एक तुलना उपयोगी ठरेल. व्हिक्टोरियन छायाचित्रणातले सर्वांत गाजलेले स्त्रीनाम ज्युलिया मार्गारेट कॅमरन यांचे. त्यांचा जन्म १८१५ मध्ये कलकत्त्याचा. त्यांच्या हाती कॅमेरा आला तो १८६३ च्या अखेरीस, म्हणजे लेडी हेवॉर्डन पदक मिळवून मोकळ्या झाल्या होत्या तेव्हा. कॅमरन यांच्या चित्रांत टेनिसन, हर्शल असे थोर पुरुष आहेत, बायबलमधील आणि पुराणकथांतील पात्रे आहेत. हेवॉर्डन यांच्या चित्रांत बहुतेक वेळा घर आहे आणि घरातल्या मुली. थोर पुरुषांची ओळख पटते, म्हणून त्यांची चित्रे लोकांच्या स्मरणात राहणे सोपे होते. निनावी मुलींच्या चित्रांना ती सोय नव्हती.

१५/ १९ जानेवारी १८६५ रोजी न्यूमोनियाने लेडी हेवॉर्डन यांचे निधन झाले. वय अवघे ४२. छायाचित्रणातील रसायनांनी त्यांची प्रकृती खालावली होती, असे पुढे काहींनी सुचवले. तो तर्क आहे, पुरावा नव्हे. एखाद्या स्त्रीने असाधारण काम केले की तिच्या मृत्यूचे कारण त्या कामातच शोधण्याची सवय लेखकांना जडते, तेव्हा जरा जपून असावे. त्यांच्या जाण्यावर ऑस्कर रेजलँडर या त्या काळच्या नामवंत छायाचित्रकाराने मृत्युलेख लिहिला. त्यांच्या कामाचा एकूण काळ जेमतेम ७ वर्षांचा. त्यातून आठशेहून अधिक चित्रे उरली.

१६/ पुढे सुमारे पाऊण शतक ही चित्रे घराण्यातच राहिली. १९३९ हे छायाचित्रणाच्या शताब्दीचे वर्ष. त्या वर्षी त्यांची नात लेडी क्लेमेंटिना टॉटनहॅम यांनी ७७५ छायाचित्रे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला भेट दिली. हे संग्रहालय साउथ केन्सिंग्टनमध्येच आहे, प्रिन्सेस गार्डन्सपासून चालत काही मिनिटांवर. ज्या खोलीत ती चित्रे निघाली, तिच्या जवळपासच ती परतली.

१७/ देताना चित्रे अल्बमच्या पानांवरून ओढून काढलेली होती. त्यामुळे पुष्कळांचे कोपरे फाटले आहेत, कडा वेड्यावाकड्या आहेत. आज ही फाटलेली कडा म्हणजे जणू त्यांची ओळखच झाली आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने ते मोठे नुकसान आहे. अल्बममध्ये कोणत्या चित्राशेजारी कोणते होते, पानांचा क्रम कसा होता, खाली काही लिहिले होते का, हे सारे त्या पानांबरोबर गेले. उत्खननात वस्तू मिळावी आणि थर नष्ट व्हावेत, तसे हे. वस्तू हाती आली, संदर्भ निसटला.

१८/ मग अभ्यासकांनी काय केले? चित्रांतूनच चित्रांचा काळ शोधला. मुलींची वाढती उंची आणि चेहरे, पोशाखाची फॅशन, खोलीतली वस्तू पहिल्यांदा कधी दिसते, अशा धाग्यादोऱ्यांवरून क्रम लावला गेला. या कामात व्हर्जिनिया डोडियर यांचे नाव अग्रगण्य. त्यांचे पुस्तक १९९९ मध्ये आले. त्याच वर्षी कॅरल मेव्हर यांचेही पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी या चित्रांतील कौमार्य, आई-मुलीचे नाते आणि स्त्रीदेहाची जाणीव यांवर भर दिला. २०१८ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने कॅमरन, कॅरल, रेजलँडर आणि हेवॉर्डन या चौघांचे एकत्र प्रदर्शन भरवले. दीडशे वर्षांनी त्या आपल्या समकालीनांच्या पंक्तीत बसल्या.

१९/ आता थोडे मुंबईकडे वळू. लेडी हेवॉर्डन घरात प्रयोग करीत होत्या त्याच दशकाच्या आगेमागे मुंबईतही ही कला रुजत होती. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. माउंटस्टुअर्टच्या नावाने चालणाऱ्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. आणि १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता लॉर्ड एल्फिन्स्टन, लेडी हेवॉर्डन यांचा सख्खा चुलतभाऊ.

२०/ एकाच घराण्याचे नाव दोन ठिकाणी असे दिसते. मुंबईत ते सत्तेचे नाव होते : गव्हर्नर, महाविद्यालय, चौक, पुढे रेल्वे स्थानक. तिथे कॅमेरा बहुतेक वेळा लेणी, देवळे, इमारती आणि ‘जातीजमातींचे नमुने’ टिपत होता. शासनाला देश ओळखीचा करून देणारे ते साधन होते. लंडनच्या खोलीत तोच कॅमेरा एका आईच्या हाती होता आणि समोरच्या मुली तिच्या रक्ताच्या. यंत्र एक, रसायने एक. कॅमेऱ्यामागे कोण उभे आहे आणि समोरच्याशी त्याचे नाते काय, यावरून चित्राचा स्वभाव ठरतो.

२१/ म्हणून या चित्रांकडे केवळ भाबडेपणाने पाहून चालणार नाही. या निवांतपणाला पैसा लागत होता, आणि त्याचा एक मोठा स्रोत डंड्रमच्या जमिनीचा खंड होता. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने पिळवटलेल्या आयर्लंडमधील कुळे तो भरत होती. घरात नोकर होते. पाणी आणणे, काचा धुणे, डाग पुसणे, धाकटी मुले सांभाळणे ही कामे कोणीतरी करीत असणारच. मुलींना दुपारभर खिडकीशी उभे राहता येत होते, कारण दुसऱ्या कोणाची दुपार कामात जात होती. ते हात चौकटीत नाहीत.

२२/ तरीही या चित्रांचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. आपली बहुतेक साधने घटनांची आहेत : लढाया, तह, सनदा, निवाडे, जमाखर्च. दोन बहिणी एकमेकींच्या सोबतीत गप्प बसल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. पत्रे लिहिली जातात ती दूर गेल्यावर. जवळ असतानाच्या सोबतीचा कागद तयार होत नाही. आयुष्याचा मोठा भाग मात्र तिथेच जगला जातो, विशेषतः ज्यांना घराबाहेर फारसे जाता येत नव्हते त्यांचा. लेडी हेवॉर्डन यांच्या चित्रांनी या न लिहिलेल्या भागाला एक दृश्य पुरावा दिला.

२३/ आणि पुरावा म्हणून तो वाचण्याची शिस्तही हवी. चित्र रचलेले आहे, हे विसरू नये. वेष, जागा, उजेड सारे ठरवलेले आहे. म्हणून ‘व्हिक्टोरियन मुली अशा राहत’ असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. पण ‘एका आईने आपल्या मुलींची सोबत अशी पाहिली, आणि त्या मुलींनी तासन्‌तास स्थिर राहून, वेष बदलून, अभिनय करून त्या पाहण्याला साथ दिली’ एवढे नक्कीच म्हणता येते. या अर्थाने त्या मुली केवळ विषय नाहीत. त्या या कामाच्या भागीदार आहेत. पदकावर मात्र एकच नाव आले.

२४/ जाता जाता एक काम. घरोघरी ट्रंकेत, कपाटात जुने अल्बम असतात. आजी आणि तिची बहीण, आत्या आणि तिची मैत्रीण, ओट्यावर, गच्चीत, विहिरीपाशी. ती पाने ओढून फोटो सुटे करू नका. आधी सबंध पानाचा फोटो घ्या, क्रम तसाच राहू द्या. मग घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसून विचारा : या कोण, हे कुठले घर, कॅमेरा कोणाच्या हातात होता, आणि त्या वेळी चौकटीबाहेर कोण होते? उत्तरे वहीत लिहा, तारखेसह. ५, प्रिन्सेस गार्डन्सच्या मुलींची अशी वही उरली नाही. आपल्याकडे विचारायला माणसे अजून आहेत, तोवर विचारून घ्यावे.